तळ

शुक्रवारी पहाटे चारला निझव्यातून निघालो.
डांबर संपलं तिथं खल्फाननं टायरची हवा कमी केली
आणि म्हणाला, आता बोलू नकोस, घाट आहे.
आमच्याकडेही घाट असतात,
मी म्हणणार होतो.
नाही म्हणालो.

मी रस्ते आखणारा माणूस.
आठवडाभर तिवईवर डोळा लावून
जमिनीला आकडे देतो:
इथं चार मीटर भर, इथं सहा मीटर खोद.
जबल शम्सच्या कड्यावर उभा राहिलो तेव्हा
आधी सवयीनं उतार काढायला गेलो,
खाली बघितलं
आणि आकडा तोंडातच राहिला.

खालच्या कपारीत एक करडा ठिपका.
गाढव, खल्फान म्हणाला.
दगड, मी म्हणालो.
थोड्या वेळानं दगड ओरडला.

वाट एका माणसापुरती.
उजवीकडे कातळ, डावीकडे काहीच नाही.
एवढं जवळून ‘काहीच नाही’ मी कधी पाहिलं नव्हतं.
तो पुढं, घरातल्या सपाता घालून,
खांद्यावर कापडी पिशवी.
मी मागं: चार लिटर पाणी, दोन काठ्या,
मानेवर पडदा असलेली टोपी,
आणि साठ रियालचे बूट,
जे दोन उन्हाळे गाडीच्या डिकीत भाजत पडले होते.

माझे पाय काळ्या कातळावर शिकलेले.
तो पावसात दगा देतो, उन्हात हात देतो,
त्याचा स्वभाव ठाऊक आहे.
इथला दगड पिवळट, धारेचा,
तळहात टेकला तर किसणी.
आणि त्यात शिंपले.
दोन हजार मीटरवर!
नखानं खरवडून पाहिलं, निघेना.
रोज कागदावर लिहितो मी,
समुद्रसपाटीपासून उंची इतकी इतकी;
आणि समुद्र इथं वर येऊन बसलेला,
कुणाला न विचारता.

तिसऱ्या वळणावर उजव्या बुटानं तोंड उघडलं.
म्हणजे खरंच, चवड्यापासून टाचेपर्यंत.
शंभरेक पावलांनी डाव्यानं री ओढली.
गोंद केव्हाच वितळला होता,
मला कळवायचं तेवढं राहिलं होतं.

खल्फान हसला नाही.
हसला असता तर बरं झालं असतं.
पिशवीची दोरी सोडली त्यानं, बकरीच्या केसांची,
दगडावर घासून दोन केली
आणि खाली बसला.
मी पंचेचाळीस वर्षांचा इंजिनियर,
कड्यावर एक पाय पुढं करून,
पाठीनं कातळ धरून.
आणि हा माझा काठीवाला,
ज्याला मी दुपारच्या उन्हात पन्नास मीटरवर उभा करतो
आणि ओरडतो, सरळ धर, अरे सरळ,
तो माझ्या पायाशी गाठ मारतोय.
डोळे वर न करता म्हणाला,
सरळ उभा राहा.

वाट संपते तिथं कातळातून पाणी झिरपतं.
पाण्यापाशी एक काटेरी झाड.
सिद्र, तो म्हणाला.
बोर, मी म्हणालो.
एकाच फांदीची फळं खाल्ली,
बिया लांब थुंकण्याची पैज लावली, तो जिंकला.
मीठ हवं होतं, मी म्हणालो.
त्याच्या पिशवीत उकडलेली अंडी होती,
म्हणून मीठही होतं, कागदाच्या पुडीत.
खालून वारा आला, पुडी उडाली,
आम्ही दोघंही ती कुठं पडते बघत बसलो.
ती पडलीच नाही,
दिसेनाशी झाली.

परतताना गाठ दोनदा सुटली.
दोन्ही वेळा मी बांधली,
तिसऱ्यांदा त्याला हाक मारली.

रविवारी सकाळी साइटवर
दुर्बिणीत खल्फान उभा, हातात काठी.
काठी किंचित कललेली.
तोंड उघडलं मी,
मग मिटलं
आणि पन्नास मीटर चालत गेलो.
नवे बूट चावत होते.